खोटा हुकूम

“ब्रेक!” सोनटक्के उस्ताद माझ्या कानाशी ओरडले, आणि मी ब्रेक दाबला नाही.

रेसवरचा पाय तेवढा उचलला. आरशात पाहिलं. मागच्या जीपचं नाक जवळजवळ आमच्या पाठीला लागलेलं. पुढे पाहिलं. बंद पडलेल्या विमानतळाची सरळ धावपट्टी, डाव्या अंगाला पाण्याचा टँकर उभा, बाकी उन्हाखेरीज काही नाही.

“मागे गाडी जवळ, पुढे मोकळं,” मी म्हटलं. “वेग कमी करते आहे.”

“ब्रेक म्हणालो मी, खानविलकर. हुकूम कळत नाही?”

“कळला, उस्ताद. पण आत्ता दाबला तर मागचे आपल्यात घुसतील.”

जीप हळूहळू थांबली. दहा वर्षांच्या नोकरीत वरिष्ठाचा हुकूम तोंडावर मोडायची ती पहिलीच वेळ. उस्तादांनी मांडीवरच्या कागदावर एक खूण केली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

“पास. आता ऐका. उद्या तुमच्या शेजारी साहेब बसणार. मागं ताफ्याच्या चार गाड्या असणार. साहेब कशाला तरी दचकून ओरडणार. साहेबाला ओरडायला काय जातंय? आरसा तुमच्याकडं आहे. आधी पाय उचलायचा, आरसा बघायचा, पुढं बघायचं, मग ठरवायचं. हुकूम खोटा असला तरी पाय उचलायचाच, कळलं? वर्गात सांगितलं की पोरं पाठ करतात, म्हणून इथं विचारतो. बावीस वर्षांत हा प्रश्न फुटलेला नाही. उतरा, पलीकडच्या शेडमधे जाऊन बसा. वाटेत कुणाशी एक शब्द नाही.”

मी मान हलवली.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. पोलिस चालकांचं ते सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. चाळीस जणांत आम्ही दोघीच बायका. मी रत्नागिरीकडची, आणि दुसरी गेवराईची रेश्मा तांदळे, माझ्याहून सात वर्षांनी लहान. बराकीच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून आम्हाला खोली दिली होती. मी पहाटे उठून स्नान, जप, पोथीचा एक अध्याय एवढं आटोपून मैदानावर जायची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरायची. आणि एक नेम वडील गेल्यापासूनचा होता, खोटं न बोलण्याचा. संध्याकाळी दिव्यापाशी बसून दिवस आठवायचा, कुठे खोटं निघालंच तर दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यावर राहायचं.

रेश्माला याची गंमत वाटायची. “ताई, वार सातच असतात हो. तुमचे उपवास आठ कसे?”

“तू एक तरी कर.”

“मी मेसची भाजी खाते. तेवढं तप पुरे.”

उस्तादही सोडायचे नाहीत. गहिनीनाथ सोनटक्के हवालदार, वय चोपन्न, छातीवर एक बिल्ला नाही, पण जिल्ह्याजिल्ह्यातल्या गाड्यांवर त्यांनी शिकवलेली माणसं होती. “खानविलकर,” म्हणायचे, “देवाला सकाळी एकदा बघितलं तर तो रागवत नाही. आरसा रागवतो. त्याला दर आठ सेकंदाला दर्शन द्या.” गाडी चालवताना जे दिसेल ते मोठ्याने बोलायला लावायचे. डावीकडे सायकल, पुढे वळण, बैलगाडीवाला झोपेत. आणि उभ्या वाहनाजवळून जाताना एकच घोष: “खाली बघा, खाली! गाडीच्या पोटाखालून पलीकडच्या माणसाचे पाय दिसतात. पाय दिसले की माणूस येणार.”

घसरणीच्या सरावासाठी पट्ट्यावर पाणी मारायचं काम यल्लप्पाकाका करायचे. रोजंदारीवरचा पन्नाशीचा माणूस, सोलापूरच्या पलीकडचा. टँकर त्यांच्याच ताब्यात. पट्ट्यावर प्लॅस्टिकचे नारिंगी कोन मांडलेले असायचे, त्यातून गाडी नागमोडी काढायची. कोन पडला की गुण जायचे. आम्हा दोघींपैकी कुणाचा कोन पडला, तर उस्तादांची नजर वळायच्या आत यल्लप्पाकाका धावत जाऊन तो उभा करायचे आणि वर सांगायचे, “वाऱ्यानं पडला साहेब.”

“काय रे यल्लप्पा,” उस्ताद विचारायचे, “वारा फक्त लेडीजच्या वेळेला सुटतो का?”

“दिशा बदलते साहेब.”

सगळं मैदान हसायचं. उस्ताद गुण कापायचे की नाही, ते कुणाला कळायचं नाही.

रेश्मा आदल्या तुकडीत नागमोडीतच नापास झाली होती, सरळ पट्ट्यावरच्या प्रश्नापर्यंत पोचलीच नव्हती. दुसऱ्यांदा नापास झालं की परत आपल्या घटकात रवानगी, आणि चालक शाखेतलं नाव कायमचं कटलं. गेवराईच्या ठाण्यात चालकाची एक जागा रिकामी होती. तिची दोन वर्षांची मुलगी तिथे आजीजवळ वाढत होती, आणि रेश्मा दोनशे किलोमीटरवर मुख्यालयाच्या गेटवर पहारा करत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, “ताई, पोरगी काल फोनवर मला मावशी म्हणाली.”

“लहान आहे गं ती.”

“लहान आहे म्हणूनच म्हणाली. मोठी असती तर बोललीच नसती.”

तर मी पास होऊन जीपमधून उतरले. शेडकडे जाणारी वाट निंबाखालून होती आणि परीक्षा व्हायची होती ती माणसं तिथे बसली होती. रेश्मा बाकीच्यांपासून लांब, एका दगडावर. पुढचा नंबर तिचाच. ओठ पांढरेफटक झालेले.

“ताई,” ती पुटपुटली, “काय विचारतात?”

मी तशीच पुढे जायला हवं होतं. मी वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

“सरळ पट्ट्यावर ब्रेक म्हणून ओरडतील,” मी नाडीकडे बघत म्हटलं. “खोटं असतं. दाबू नकोस.”

नाडी बांधून झाली. मी उठून चालायला लागले. आधी पाय उचल, आरसा बघ, हे सांगायचं राहूनच गेलं. मनाला मात्र लगेच समजावलं, की मी उस्तादांना शब्द कुठे दिला होता? नुसती मान हलवली होती.

शेडमधे पास झालेले पाच-सहा जण भाजके हरभरे खात बसले होते. तिथून पट्टा दोनशे पावलांवर. टँकरची आमच्याकडची बाजू आम्हाला स्वच्छ दिसत होती, पट्ट्यावरून येणाऱ्याला ती दिसत नव्हती.

रेश्माने नागमोडी छान काढली. आम्ही मोजत होतो. शेवटच्या कोनाला मात्र मागचं चाक लागलं. कोन आडवा झाला आणि उतारावरून घरंगळत परतीच्या सरळ पट्ट्यावर, टँकरच्या जरा पुढे, येऊन थांबला.

“गेला एक,” कुणीतरी म्हणालं.

जीप टोकाला जाऊन वळली आणि सरळ पट्ट्यावर आली. मागून दुसरी जीप. वेग पन्नासाच्या पुढे असेल. टँकरच्या आडोशाला यल्लप्पाकाका पाण्याची नळी खाली टाकून उभे होते. त्यांनी एकदा कोनाकडे पाहिलं, एकदा जीप किती लांब आहे ते पाहिलं, आणि कंबरेत वाकून टँकरच्या कडेकडेने पळायला लागले. पोरीचा गुण जाऊ नये म्हणून.

“ब्रेक!”

शेडमधे हशा पिकला. “झालं, रेश्माबाईंचाही नंबर लागला.”

मी हसले नाही. तो माझ्या वेळचा ओरडा नव्हता. माझ्या वेळच्या ओरड्यात दरारा होता, यात दरारा नव्हताच. कुणाचा तरी हात सुटून चालला असावा तसा तो आवाज होता. आणि लगेच दुसरा आला. “ब्रेक! तांदळे! ए पोरी, ब्रेक लाव गं!”

जीपचा आवाज तसूभर उतरला नाही.

उस्तादांनी हँडब्रेक ओढला असणार, कारण जीप एकाएकी आडवी फिरली. परीक्षेच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक नसतो, त्यांच्या हाताशी तेवढंच होतं. फिरलेल्या जीपची मागची बाजू यल्लप्पाकाकांना लागली. मागची जीप गवतात शिरली. कोन तसाच पट्ट्यावर पडून होता.

आम्ही धावलो. उस्ताद आमच्या आधी पोचले होते. आपला कमरेचा पट्टा काढून ते यल्लप्पाकाकांची मांडी आवळत होते, आणि यल्लप्पाकाका शुद्धीवर होते, सारखं म्हणत होते, “साहेब, वाऱ्यानं पडला. वाऱ्यानं पडला हो.”

तिसऱ्या दिवशी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्या दुपारी रेश्मा खोलीत एक बूट काढून, एक तसाच ठेवून बसली होती. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

“पुढं काहीच नव्हतं हो, ताई. मोकळं होतं. मी मनात म्हटलं, बघा उस्ताद, मी फसत नाही. मी हसले पण, ताई. ते ओरडत होते आणि मी हसत होते.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“उस्तादांनी टँकरखालून पाय बघितले. मी रोज बघते. शप्पथ, रोज बघते. आज बघितलेच नाहीत. काय येणार ते ठाऊक होतं ना मला.” मग तिने डोळे पुसले आणि एकदम करारी आवाजात म्हणाली, “तुमचं नाव घेणार नाही मी. पोरीची शपथ.”

घे, असं मी म्हटलं नाही. घेऊ नकोस, असंही म्हटलं नाही. संध्याकाळी दिवा लावला, जप केला. मोजताना मणी दोनदा चुकले.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. मुख्यालयातून साळगावकर नावाचे साहेब आले होते, बरोबर टंकलेखक. उस्ताद बाहेर व्हरांड्यात उभे होते. बाजूलाच बाक होतं, पण ते बसले नव्हते. मी आत जाताना त्यांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, की घाबरू नका.

“बसा. विचारतो तेवढंच सांगायचं,” साहेब म्हणाले. “हवालदार सोनटक्के परीक्षेत खोटा हुकूम देत?”

“हो, सर.”

“तुम्हाला दिला?”

“हो.”

“काय दिला?”

“ब्रेक म्हणाले.”

“तुम्ही दाबला?”

“नाही. पण सर, त्यांचं शिकवणं असं, की आधी पाय उचलायचा, आरसा...”

“दाबला की नाही दाबला?”

“नाही.”

“आणि त्याबद्दल तुम्हाला पास केलं.”

“हो.”

टंकलेखक खाडखाड करत होता. साहेबांनी एक कागद उचलला. “तांदळे यांचा जबाब. ‘उस्ताद असे खोटे हुकूम देतात हे मला माहीत होते, म्हणून मी ब्रेक लावला नाही.’ कसं माहीत, विचारलं तर म्हणते, सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्हाला होतं?”

“मला परीक्षेच्या दिवशी कळलं, सर.”

“म्हणजे घटनेच्या आधी.”

“हो.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत होतं.”

घड्याळाचा काटा आवाज करत होता. साहेबांची पुढची ओळ तयार होती, त्यांना फक्त माझा होकार हवा होता. तिला कुणी सांगितलं, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर मी सांगितलं असतं. असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला बजावत आले. त्यांनी विचारला नाही.

“हो, सर,” मी म्हटलं.

“बस. सही करा.”

मी माझा जबाब वाचला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सही करून बाहेर आले. पायरीवर उस्तादांनी हळूच विचारलं, “पाणी घेतलंत का? चेहरा उतरलाय तुमचा.”

त्यांच्या स्वतःच्या जबाबाचं नंतर कळलं. त्यांनी दोनच वाक्यं सांगितली होती: प्रश्न माझा आहे, जबाबदारी माझी आहे. प्रश्न फुटला असेल, असं त्यांनी म्हणावं म्हणून साहेबांनी दोनदा सुचवून पाहिलं म्हणे. ते म्हणाले, माझी पोरं प्रश्न फोडत नाहीत.

पंधरा दिवसांत निकाल लागला. प्रशिक्षणार्थींना हुकूम न मानण्याची सवय लावून अपघातास कारणीभूत ठरले, असा ठपका ठेवून उस्तादांना शिकवण्यावरून काढलं आणि भांडारात बसवलं. परीक्षेत खोटा हुकूम देण्यावर बंदी आली. तांदळे यांची दिशाभूल झाली, म्हणून तिला शिक्षा नाही, उलट आणखी एक संधी. ती तिने घेतली नाही. त्याच दिवशी पेटी उचलून मुख्यालयाच्या गेटवर परत गेली. पहिली दोन वर्षं तिला फोन केले. एकदा तिच्या मुलीने उचलला आणि आई घरी नाही म्हणाली. मागून रेश्माच्या खोकण्याचा आवाज येत होता.

मी तुकडीत पहिली आले. आता मीच शिकवते. नव्या मुलींना आरसा शिकवते, टँकरखालचे पाय शिकवते. शेजारच्याचा हुकूम कधी मोडायचा, हे आता कुठेच शिकवलं जात नाही. गेल्या वर्षी एका वळणावर साहेब ओरडले म्हणून चालकाने कचकन ब्रेक मारला आणि ताफ्याच्या तीन गाड्या एकमेकींवर चढल्या. चालक म्हणाला, हुकूम होता.

त्या प्रशिक्षणाच्या शेवटी, निरोपाच्या दिवशी, जाकीट आणि हातमोजे जमा करायला मला भांडारात जावं लागलं. दुसऱ्या कुणाकडून पाठवता येतंय का, ते मी सकाळपासून बघत होते. जमलं नाही. टायरांच्या चळतींमधे उस्ताद एका स्टुलावर बसले होते.

“या. पहिल्या आलात म्हणे.”

“आपलं शिकवणं, उस्ताद.”

“पेढे कुठायत?” ते हसले. मी खाली बघितलं. जाकिटाची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली.

“खानविलकर, एक विचारू का? बाकीचे माझं मन राखतात. तुम्ही राखणार नाही, म्हणून विचारतो.”

“विचारा, उस्ताद.”

“त्या दिवशी माझा आवाज वेगळा होता का?”

मी हातमोज्यांची बोटं सरळ करायला लागले.

“म्हंजे बघा,” ते म्हणाले, “बावीस वर्षं मी तोच शब्द खोटा ओरडलो. दर परीक्षेला. खरा ओरडायची वेळ आली तवा तो खोट्यासारखाच निघाला का? पोरगी काय बहिरी नव्हती. चांगली पोरगी ती. तिला फरक कळला नाही म्हंजे फरक नसणारच. शेडमधल्या गड्यांना विचारलं, तर म्हणाले, उस्ताद आम्ही हसलो. परवा मी मैदानावर जाऊन बंद जीपमधे एकटाच बसलो आणि ओरडून बघितलं. एकदा खोटं, एकदा खरं. मला माझंच कळंना. तुम्ही कानानं बारीक आहात. तुम्हाला काय वाटलं?”

दोनशे पावलांवरून मला कळलं होतं. पहिल्या हाकेलाच कळलं होतं. ते सांगितलं असतं, तर त्या माणसाला त्याचा आवाज परत मिळाला असता. आणि त्यापुढे त्याने विचारलं असतं, मग पोरगी थांबली का नाही? चौकशी संपली होती, कागदावर शिक्के बसले होते, टंकलेखक नव्हता, साहेब नव्हते. टायरांच्या वासात एक म्हातारा होत चाललेला हवालदार होता आणि मी होते.

“नेहमीसारखाच होता, उस्ताद,” मी म्हटलं.

ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग जाकिटाची घडी नीट बसवली, त्यावर हातमोजे ठेवले.

“मला वाटलंच,” ते म्हणाले. “बरं केलंत. एकीनं तरी खरं सांगितलं.”

त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी नमस्काराला वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.